सांगली लाईनवर आठ पानं

मुलगी सव्वादोन वर्षांची असताना मी तिला दोन महिन्यांसाठी सांगलीला सासूबाईंकडे ठेवलं. मी तेव्हा साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. नवरा सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. बदलीचा माझा अर्ज वर्षभरापूर्वी वर गेला होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता. साताऱ्यात शेजारच्या मावशी मुलीला सांभाळायच्या, त्या लेकीच्या बाळंतपणासाठी पाटणला गेल्या. दुसरं माणूस शोधायला मी वहीत नऊ नावं लिहिली आणि चार दिवसांत नऊही खोडली. एकीकडे डांग्या खोकला होता, एकीच्या अंगणात उघडी विहीर होती, एकीनं मुलीकडे बघून "ही चावते का?" असं विचारलं. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, त्यामुळे नवऱ्याला रजा नाही. माझी रजा मुलीच्या गोवरात संपलेली. उरली सांगली.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोरगी इथं रुळली, तर शाळेत जाईपर्यंत इथंच राहू दे. आईनं नोकरी करावी, सुट्टीला येऊन भेटून जावं. नवरा "बघू" म्हणाला. त्याचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा "होय" असायचं. त्यामुळे ते दोन महिने माझ्यासाठी नुसती सोय नव्हती. दोन महिन्यांनी मुलगी माझ्याकडे परत येणार की नाही, हे त्यात ठरणार होतं.

सांगलीहून निघताना मी एक यादी भिंतीला टाचली. दूध किती वाजता, वरणात मीठ किती, कोणत्या कुशीवर झोपते, कशाला घाबरते. आत्यांनी यादीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्ये कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, आत्या."

"मला वाचाय येतं व्हय गं? आन् ज्याला येतं त्यो कारखान्यात." मग म्हणाल्या, "चार वाढिवली मी. एकाला बी कागद बघून न्हाई वाढिवलं."

यादीतली शेवटची ओळ होती : रोज पुस्तक.

पुस्तक एकच होतं, पातळ, आठ पानांचं. एक शेळी बाजाराला निघते आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण तिला विचारतो, "शेळीबाई शेळीबाई, एवढी कशाची घाई?" माझी सकाळची ड्युटी दोनला संपायची. घरी आल्यावर हातपाय धुणं, चहा आणि मग पंधरा मिनिटं हे पुस्तक, स्वयंपाकाच्या आधी. ती माझ्या मांडीत पाठ टेकून बसायची. मी वाचायची, मधेमधे विचारायची, कावळा कुठं आहे, पुलाखाली काय आहे. वेळेच्या घाईत मी एखादं पान गाळायला बघितलं, तर ती दोन्ही हातांनी पान मागं ओढायची. पंधरा मिनिटांचं बारा करायची सोय नव्हती. दिवसभरात तिच्यामाझ्यात ठरलेलं असं एवढंच एक काम होतं.

पहिल्या आठवड्याच्या सुट्टीला मी सांगलीला गेले. संध्याकाळी निघताना तिनं असा आकांत केला, की गल्लीतली माणसं दारात आली. रात्री तिला ताप चढला. नवऱ्याचं कार्ड आलं : आई म्हणते, महिनाभर येऊ नकोस, मुलीला रुळू दे. आमच्याकडे हे सगळेच सांगतात. नव्या नवरीलाही तेच, दूध तोडलेल्या मुलालाही तेच. सारखं तोंड दाखवलं की जीव जागचा हलत नाही. मला ते पटलं. आणि पटलं म्हणूनच भीती वाटली, कारण रुळणं म्हणजे मला विसरणंच होतं.

मी दुकानातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणली. एक सांगलीला होतीच.

आमच्या कामात पलीकडच्या ऑपरेटरला गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. ती सांगली, मी सातारा. तिसरी कऱ्हाड, चौथी कोल्हापूर. वर्षानुवर्षं बोलून एकमेकींचे चेहरे माहीत नसायचे, पण कुणाला सर्दी झालीय हे पहिल्या शब्दाला कळायचं. दुपारी एकनंतर पेढ्या जेवायला बंद व्हायच्या, कॉल कमी व्हायचे. त्या वेळात आम्ही लाईन तपासायचो. पलीकडचीशी दोन मिनिटं बोलायचं, खरखर आहे का, आवाज बारीक येतो का बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं : ठीक.

मी सांगलीला विचारलं, "लाईन तपासताना मी तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाशी बोलले तर?"

"कुणाशी?"

"मुलीशी."

ती हसली. "चार वर्षं मी इथं बसलेय, सातारा, लोक ह्या लाईनवर काय काय बोलतात ते ऐकून माझं लग्न व्हायचं राहिलं. तू खुशाल बोल."

आमच्या सांगलीच्या घराला लागून फळांच्या व्यापाऱ्याचं घर होतं. त्यांच्याकडे फोन होता. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली चाची म्हणायची. चाचीनं लगेच होकार दिला. आत्यांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही, पण नवऱ्यानं लिहिलं, की एकच्या ठोक्याला त्या मुलीला आणि पुस्तकाला घेऊन चाचीच्या उंबऱ्यात जाऊन बसतील. फोनला हात लावणार नाहीत.

पहिल्या दिवशी सांगलीनं जोडून दिलं. चाचीचा आवाज आला, "हां बाई, बसवलं पोरीला. माझी भाकरी तव्यावर हाय, तुमी बोला." मी हेडफोन नीट केला आणि सुरुवात केली. शेळीबाई घरातून निघाली. उलट पान. तीन आकडे मोजले. विहिरीवर कावळा बसला होता. कावळा म्हणाला, शेळीबाई शेळीबाई, एवढी कशाची घाई?

"कावळा कुठं आहे?"

काही नाही.

"सांग ना, कावळा कुठं आहे?"

लाईन स्वच्छ होती, नेहमीपेक्षाही स्वच्छ. तिच्या टोकाला मात्र काही नव्हतं. मी आठही पानं वाचली. शेवटी चाची आली. "झालं का? ठेवू?"

"चाची, ती बोलली का काही?"

"न्हाई बाई. गप बसलीय."

दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या, सहाव्या दिवशी तेच. मी वहीत रकाने पाडले होते : वार, वेळ, किती पानं, उत्तर. उत्तराच्या रकान्यात रोज आडवी रेघ. आवाज चढवून बघितला, हळू बोलून बघितलं. एकदा कावळ्याच्या जागी मुद्दाम पोपट म्हटलं, म्हणजे तरी ती चिडेल. नाही. रोज चाचीला मी तेच विचारायची आणि चाची तेच सांगायची, गप बसलीय.

"श्वास येतो गं ऐकू," सांगली म्हणाली. "कान देऊन ऐक."

"श्वास चाचीचाही असेल."

"चाची भाकऱ्या थापतीय. मला थापटल्याचं ऐकू येतंय. सातारा, तुझी शेळी मला तोंडपाठ झाली, पण तुझा धीर काही मला तोंडपाठ होईना."

बोर्डावर आम्ही एकच गोष्ट शिकलो होतो. "बोला" म्हणायचं, पुन्हा "बोला" म्हणायचं आणि पलीकडून आवाज आला नाही, तर माणूस नाही असं धरून जोडणीचा दोर काढायचा. हजारो वेळा मी तो तसा काढला होता.

अठराव्या दिवशी सुपरवायझर साहेबांनी मला टेबलापाशी बोलावलं. त्यांच्याकडे कोणत्याही लाईनवर ऐकायची सोय होती. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे जास्त धास्ती वाटायची.

"बाई, लाईन तपासायला शेळी कशाला लागते?"

मी हेडफोन गळ्यातून काढून हातात घेतला.

"तीन दिवस ऐकतोय. आजवर कधी तुमची तक्रार नाही, म्हणून लिहून वर पाठवत नाही. पण एक सांगा. रजिस्टरमध्ये तुम्ही रोज लिहिता, ठीक. कशावरून ठीक? पलीकडून एक शब्द येत नाही. एकाच बाजूनं बोललं की लाईन तपासली असं होतं का?"

"नाही, साहेब."

"मग उद्यापासून बंद."

मी त्यांच्या जागी असते, तरी हेच म्हटलं असतं. त्यांचं चुकलं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही, आणि तेच फार लागलं. जागेवर येऊन मी सांगलीला सांगितलं. ती म्हणाली, "मी कळवते चाचीला." बराच वेळ दोघींपैकी कुणीच दोर काढला नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याचं कार्ड आलं. मुलगी आता रडत नाही. आजीच्या कुशीत झोपते. तुझं नाव काढत नाही. आईचं म्हणणं पक्कं करायचं का, तसं कळव.

मी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे सांगली, उजवीकडे सातारा. डावीकडे लिहिलं : आजी घरी, दूध घरचं, बाप रोज दिसतो, उघडी विहीर नाही, रडत नाही. उजवीकडे काय लिहावं ते सुचेना. "मी" असं लिहिलं आणि ते खोडलं, कारण तो मुलीच्या सोयीचा मुद्दा नव्हता. पान स्पष्ट होतं. होकार कार्डावर लिहिण्यापेक्षा समोर जाऊन द्यावा, म्हणून आठवड्याच्या सुट्टीला सकाळची गाडी पकडली.

पेठ नाक्यावर टायर बदलायला पाऊण तास गेला. नाहीतर मी साडेबाराच्या आत पोचले असते आणि पुढचं काही बघितलं नसतं. गल्लीत शिरले तेव्हा एक वाजून गेला होता. आमच्या दाराला बाहेरून कडी होती. चाचीचं दार उघडं होतं. पिकत घातलेल्या केळ्यांचा वास दारापर्यंत आला होता.

उंबऱ्यात आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत भिंतीशी चौरंगावर फोन. त्याच्यासमोर चटईवर, दाराकडे पाठ करून, माझी मुलगी. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला लावलेला, पुस्तक मांडीवर उघडं.

त्या दिवशी फोन यायचा नव्हता. आदल्या तीन दिवसांतही आला नव्हता. आत्यांनी मला बघितलं आणि सूप खाली ठेवलं. स्वयंपाकघरातून चाची बाहेर आली, मला बघून तिथंच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आवं, तीन दिवस झालं, वेळ झाली की येती. न्हाई दिला तर रडती. म्हनून नुसताच देतो कानाला."

मुलीनं पान उलटलं. कावळ्याचं. रिसीव्हरवरचा एक हात काढून तिनं बोट कावळ्यावर ठेवलं. ठेवलं आणि तसंच धरून राहिली, कुणीतरी बघेपर्यंत धरावं तसं.

मी तिथूनच, दारातूनच म्हटलं, "विहिरीवर कावळा बसला होता."

ती दचकली नाही. मागं बघितलं नाही. आवाज कुठून येतो हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं रिसीव्हर कानावर आणखी दाबला.

"कावळा म्हणाला, शेळीबाई शेळीबाई, एवढी कशाची घाई? कावळा कुठं आहे?"

बोटानं कावळ्यावर दोनदा टकटक केलं.

"उलट पान."

उलटलं.

"म्हाताऱ्याची टोपी कुठं आहे?"

टोपीवर अख्खा तळवा मारला.

"पुलाखाली काय आहे?"

मासे तीन होते. तिनं तिन्ही दाखवले, एकेक करून, आणि दर माशामागं मान हलवली. अठरा दिवस मी साताऱ्यात ह्याच जागांवर थांबले होते, आवाज चढवला होता, आडव्या रेघा मारल्या होत्या. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती. माझ्या मांडीत बसून जसं द्यायची तसंच, बोटानं. सबंध दिवस आवाजांवर पोट भरणाऱ्या बाईला बोट सुचलं नाही.

सातव्या पानावरचं वाक्य माझ्याकडून अर्धंच राहिलं. तिनं रिसीव्हर कानावेगळा केला, एकदा हलवला आणि पुन्हा लावला. मग मी शेळीला घरी पोचवलं.

गोष्ट संपल्यावर ती मागं वळली. मला बघितलं. हातातल्या रिसीव्हरकडे बघितलं, पुन्हा मला. मी हात पुढं केले. ती उठली, माझ्या बाजूनं वळसा घालून गेली आणि आत्यांच्या पदरात तोंड खुपसून बसली.

घरी आल्यावर मी आत्यांना विचारलं, "रोज अशीच दाखवत होती?"

"व्हय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू कवा इचारलंस? तू चाचीला इचारायचीस, बोलली का. बोलली न्हाईच ती." त्या चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या. ते ओढून झालं तरी त्यांनी मान वर केली नाही. "आन् सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिशी येऊन नेली असतीस. ठावं हाय की मला."

ह्यावर भांडता आलं असतं. मी तयारच होते. पण मुलगी त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या पदराच्या टोकाशी खेळत होती, आणि आत्या तेच लाकूड पुन्हा चुलीत सारत होत्या.

पाच वाजता नवरा कामावरून आला. अंगाला मळीचा वास, डोळे तांबडे. मी त्याला चहा देतानाच सांगितलं, "मुलीला घेऊन जातेय. उद्या सकाळच्या गाडीनं. उद्याची ड्युटी बदलून घेते."

"तू होकार द्यायला येणार होतीस ना?"

"तेच ठरवून आले होते. आता नाही."

"आणि सांभाळणार कोण?" तो आवाज न चढवता म्हणाला. "तुझ्या वहीत नऊ नावं होती. दहावं सापडलं का?"

सापडलं नव्हतं. मी आत्यांकडे वळले. आधी काही ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "आत्या, तुम्ही चला. मावशी पाटणहून येईपर्यंत."

"मी?" त्या ताडकन उठल्या. "आन् ह्येला जेवाय कोन घालनार?"

"कारखान्यात कँटीन आहे की," नवरा म्हणाला.

"त्या कँटीनच्या आमटीत डाळ हुडकाय दुर्बीण लागती, असं तूच म्हनलावतास न्हवं?"

"शोधीन."

आत्यांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "तुज्या यादीत हाय का ह्ये? सासूला न्यायचं?"

"नाही."

"मग बरं." त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला. आतूनच म्हणाल्या, "दीड म्हयना. वर एक दिस न्हाई. आन् तितं जाऊन मला कागद दावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी गाडीत मुलगी कऱ्हाड जाईपर्यंत त्यांच्या मांडीवर होती, आणि कऱ्हाडनंतरही. मी पिशव्या धरून बसले.

साताऱ्यात पहिल्या दुपारी मी हातपाय धुऊन, चहा घेऊन भिंतीशी बसले आणि मांडीवर पुस्तक उघडलं. मुलीनं ते माझ्या हातून घेतलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि वाट बघू लागली. मांडीत ये म्हटलं तर उठून जायची. मग मी तशीच वाचायला लागले, मागून. ते असंच कितीतरी आठवडे चाललं. आवाज ऐकायचा, पण वाचणाऱ्याकडे बघायचं नाही, हे तिनं सांगलीत शिकून घेतलं होतं, आणि ते मीच शिकवलं होतं. मी रोज थोडी पुढं सरकून बसायची. फार सरकले तर पुस्तक उचलून पुढच्या कोपऱ्यात.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या, तिथून त्यांना मुलीचं तोंड दिसायचं. मी विचारायची, कावळा कुठं आहे, आणि मुलीचं बोट टेकायच्या आत त्या तिथून ओरडायच्या, "दावला! दावला गं कावळा!" टोपी आली की "टोपी बी!" आठ पानं, दर पानाला, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

मुलीच्या खांद्यावरून मला बोट स्पष्ट दिसत होतं. तरी मी त्यांना कधी थांबवलं नाही.